हेडलाइट लागत नाहीत? नवीन बल्ब आणण्याआधी हे तपासा

गाडीचे हेडलाइट बंद पडले की बहुतेक जण सरळ नवीन बल्ब आणतात. बल्ब बसवूनही अंधार तसाच राहिला की मग दुसरा बल्ब, मग गॅरेज, आणि शेवटी "पूर्ण वायरिंग बदलावं लागेल" हे ऐकून मोठा खर्च. यातलं बरंचसं टाळता येतं. कोणता दिवा बंद आहे आणि कोणता चालू आहे एवढं नीट पाहिलंत, तर बिघाड कुठे आहे याचा अर्धाअधिक पत्ता तिथेच लागतो. ज्यांनी नुकतीच गाडी घेतली आहे, ज्यांनी बॉनेट आजवर फक्त काच धुण्याचं पाणी भरण्यापुरतं उघडलं आहे, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितो आहे.

आपल्याकडे यात एक जास्तीची अडचण आहे. ठाणे आणि नवी मुंबईत रस्त्यावर इतका उजेड असतो की एका बाजूचा बल्ब गेला तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. नौपाडा, माजिवडा, पाम बीच रोड, कुठेच काही जाणवत नाही. मग कधीतरी दुसराही बल्ब जातो आणि गायमुखच्या चढावर किंवा उरणच्या बाजूला, ऐन अंधारात, दोन्ही दिवे एकदम गेल्यासारखं वाटतं. म्हणून दोन्ही दिवे बंद असले तरी दोन्ही बल्ब गेले असण्याची शक्यता मनातून काढून टाकू नका. रात्री सोसायटीत गाडी लावताना समोरच्या भिंतीवर प्रकाशाचे दोन्ही झोत पडतात का, एवढं बघायची सवय लावून घ्या. सिग्नलला उभं असताना पुढच्या बसच्या पत्र्यावरही ते दिसतात.

चालत्या गाडीत दिवे गेले तर

पहिलं काम गाडी उजेडात नेणं. चारही इंडिकेटर एकत्र लुकलुकणारं हॅझर्डचं बटण दाबा, वेग कमी करा, डावीकडे या. स्टिअरिंगजवळची दांडी आपल्याकडे ओढून लांबचा प्रकाश, म्हणजे अप्पर, लागतो का बघा. फॉग लॅम्प असतील तर ते लावा. यातलं काहीतरी चालू असेल तर हळूहळू पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जा.

गायमुखच्या वळणावर किंवा वाशी खाडीपुलावर जागच्या जागी थांबू नका. मागून येणाऱ्या कंटेनरला किंवा ट्रेलरला अंधारातली उभी गाडी फार उशिरा दिसते. पुलावर असाल तर रांगत का होईना, टोलनाक्याच्या उजेडापर्यंत पोहोचा. गाडी हलण्यासारखीच नसेल तर सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा, त्रिकोणी रिफ्लेक्टर किमान पन्नास पावलं मागे ठेवा आणि ११२ ला फोन करा. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून बल्ब बदलण्याचा उद्योग रात्री करू नका. तो घरी आल्यावर, दिवसा.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे लावणं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बंधनकारकच आहे. "उद्या बघू" म्हणून त्याच रात्री पुन्हा गाडी काढू नका.

काहीही उघडण्याआधी

गाडी भिंतीसमोर उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा. तळघरातल्या बंद पार्किंगमध्ये मात्र इंजिन चालू ठेवून बसू नका, हे मोकळ्या जागी करा. कुणाला तरी समोर उभं करा आणि एकेक दिवा लावत जा: आधी पार्किंग लाइट, मग जवळचा प्रकाश म्हणजे डिपर, मग अप्पर, मग दांडी ओढून अप्परची फ्लॅश. काय लागलं आणि काय नाही ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

इथेच एक गोंधळ मिटवून घेऊ. नवीन गाड्यांत दिवसा आपोआप लागणारे डीआरएल असतात आणि मीटरही कायम उजळलेला असतो. त्यामुळे हेडलाइट न लावताच माणसं संध्याकाळभर फिरतात आणि पुढे अंधारात "हेडलाइट गेले" असं वाटतं. स्विच खरंच हेडलाइटच्या खुणेवर आहे ना, ते आधी बघा. डॅशबोर्डवर शून्य ते तीन असे आकडे असलेली छोटी चकती असेल तर ती तीनवर गेलेली नाही ना, हेही बघा. ती मागे सामान भरल्यावर झोत खाली करण्यासाठी असते. तीनवर राहिली तर दिवे चालू असूनही रस्ता दिसत नाही.

आता तुमच्या नोंदीचा अर्थ लावू.

एकाच बाजूचा फक्त डिपर किंवा फक्त अप्पर बंद असेल तर बहुतेक वेळा बल्बच गेलेला असतो. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत एच ४ बल्ब असतो. त्यात एकाच काचेत दोन तारा असतात, अप्परची ६० वॉटची आणि डिपरची ५५ वॉटची. एक तुटली तरी दुसरी चालते. एका बाजूचं सगळंच बंद असेल तर त्या बाजूचा फ्यूज, होल्डर (बल्बच्या मागे वायरी जोडणारा प्लग) किंवा अर्थिंग (वीज परत गाडीच्या बॉडीत नेणारी वायर). दोन्ही डिपर बंद पण दोन्ही अप्पर चालू असतील तर स्विच, रिले (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्याची वीज चालू-बंद करणारी डबी), किंवा आधी सांगितलं तसे एकामागून एक गेलेले बल्ब. स्विच फिरवून काहीच लागत नाही पण दांडी ओढल्यावर अप्परची फ्लॅश होते, म्हणजे बल्ब शाबूत आहेत आणि संशय स्विचवर किंवा रिलेवर घ्यायचा. दिवे लागतात पण पिवळट, मलूल, आणि ॲक्सिलरेटर दिला की उजळतात, तर बॅटरी आणि चार्जिंग बघा. खड्ड्यात गाडी आपटली की दिवा जातो आणि पुढच्या खड्ड्यात परत येतो, तर कुठेतरी जोड सैल आहे. घोडबंदर रोडवर पावसाळ्यानंतर ही तक्रार फार असते.

फ्यूज

पहिला हात फ्यूजला घाला, कारण त्याला हत्यारं लागत नाहीत आणि खर्च दहा-वीस रुपयांचा. फ्यूजचे डबे सहसा दोन असतात, एक स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत आणि दुसरा बॉनेटखाली बॅटरीच्या आसपास. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, नसेल तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात बघा. बऱ्याच गाड्यांत डाव्या आणि उजव्या हेडलाइटला वेगवेगळे फ्यूज असतात.

किल्ली काढून घ्या, मगच फ्यूज ओढा. डब्यातच प्लॅस्टिकचा छोटा चिमटा असतो, त्याने ओढलं की फ्यूज तुटत नाही. उजेडात धरून आतली नागमोडी पट्टी अखंड आहे का बघा. तुटलेली किंवा काळवंडलेली असेल तर तेवढ्याच ॲम्पिअरचा नवा लावा. रंगावरून ओळखू येतो: लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा.

नवा फ्यूज लावताक्षणी उडाला तर तिथेच थांबा. वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. मोठ्या ॲम्पिअरचा फ्यूज, चांदीचा कागद, तांब्याची तार, असलं काहीही त्या जागी घालू नका. फ्यूज उडतो म्हणून वायर वाचते. तो उडाला नाही तर पुढचं जळणं वायरचं असतं, आणि ती वायर तुमच्या पायांजवळून जाते.

बल्ब

हेडलाइट अर्धा तास चालू असतील तर आधी निवू द्या, हॅलोजनची काच चांगलीच भाजते. मग मागचा होल्डर सरळ ओढून काढा, रबरी टोपी काढा आणि तारेची स्प्रिंग क्लिप कोणत्या बाजूने दाबून सुटते ते लक्षात ठेवा. काढण्याआधी मोबाइलने एक फोटो घ्या, बसवताना त्याचा फार उपयोग होतो. काही गाड्यांत हात जायला जागाच नसते. बॅटरी सरकवावी लागते, चाकावरचं प्लॅस्टिक सोडवावं लागतं, कधी बंपरसुद्धा. तशी गाडी असेल तर जोर लावू नका, ते काम गॅरेजचं.

गेलेल्या बल्बची तार तुटून लोंबत असते किंवा काच आतून काळी-चंदेरी झालेली असते. काच आतून पांढरी, दुधाळ दिसली तर आत हवा शिरली आहे. बल्ब बघून शंका राहिली तर सोपी परीक्षा म्हणजे डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावायचा. बिघाड बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब खराब. बिघाड तिथेच राहिला तर बल्बवर पैसे घालवू नका.

नवीन बल्ब घेताना जुना बरोबर न्या आणि त्यावरचं नाव वाचून तेच मागा: एच ४, एच ७, एच ११, जे असेल ते. बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तापल्यावर तिथे जास्त उष्णता साठते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच बोट, तर स्पिरिटने पुसून वाळवा. एच ४ च्या गोल पट्टीला तीन कान असतात, ते खाचेत नीट बसले तरच झोत सरळ पडतो.

दुकानात १००/९० वॉटचा बल्ब पुढे करतील, उजेड दुप्पट पडेल म्हणतील. नको म्हणा. १२ व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब ५ ॲम्पिअर घेतो, १०० वॉटचा आठाच्या वर. कंपनीने दिलेली वायर, होल्डर आणि स्विच त्यासाठी बनवलेले नाहीत. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात बाजारातला एलईडी बल्ब कोंबण्याबद्दलही माझं हेच मत आहे. आपल्याला पुढे पांढराशुभ्र उजेड दिसतो, पण झोत विस्कटतो आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात. ठाणे-बेलापूर रोडवर रात्री दुचाकी चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

होल्डर आणि अर्थिंग: इथे घाई करू नका

फ्यूज ठीक, बल्ब ठीक आणि तरी दिवा नाही, तर नव्वद टक्के लोक इथे हात टेकतात. खरं तर आपल्या भागात बिघाड सापडतो तो बऱ्याचदा इथेच. खाडीची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून तांब्याच्या जोडांची वाट लावतात. ऐरोली, वाशी, बेलापूर, कोपरी अशा खाडीकाठच्या वस्तीत वर्षानुवर्षं उघड्यावर लावलेल्या गाड्यांत तर हे हमखास.

होल्डर काढून उजेडात धरा आणि आत डोकावून बघा. चांगल्या होल्डरच्या आतल्या पट्ट्या चकचकीत असतात आणि बल्बच्या पिना घट्ट धरतात. खराब होल्डरची एखादी खाच तपकिरी झालेली असते, प्लॅस्टिक तिथे फुगून वितळलेलं असतं, आतली पट्टी निळसर-काळी पडून सैल झालेली असते आणि वायरचं वेष्टण टोकाशी कडक, ठिसूळ झालेलं असतं. नाकाशी धरलात तर जळकट वास येतो. असा होल्डर घासून-पुसून चालवू नका, बदला. नवीन होल्डर वायरच्या तुकड्यांसकट मिळतो. तो जोडताना वायर नुसती पिळून टेप मारलेली चालत नाही. सोल्डर करून किंवा क्रिंप (धातूची नळी दाबून जोड) करून वर उष्णतेने आकसणारी नळी चढवायला सांगा. टेप पावसाळ्यात सुटते.

आता अर्थिंग. हेडलाइटच्या वायरच्या जुडग्यातून एक वायर, बहुतेक वेळा काळी, निघते आणि जवळच बॉडीला बोल्टने कसलेली असते. त्या बोल्टखालची रिंग बघा. हिरवी-पांढरी पूड जमलेली असेल, गंज असेल किंवा बोल्ट हाताने हलत असेल, तर तुमचा चोर तोच. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून बाजूला करा, बोल्ट काढा, रिंग आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, घट्ट कसा आणि वर थोडी पेट्रोलियम जेली लावा. अर्थिंग खराब असल्याची एक खूण आहे: हेडलाइट लावला की त्याच बाजूचा इंडिकेटर किंवा पार्किंग लाइट विचित्र मंद लुकलुकतो. विजेला परतीचा नेहमीचा रस्ता बंद झाला की ती शेजारच्या दिव्यातून वाट काढते.

होल्डरपर्यंत वीज येते का हे बघायला टेस्ट लॅम्प वापरा. २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी, एवढंच त्याला लागतं. व्होल्ट मोजणाऱ्या मल्टीमीटरपेक्षा इथे मला टेस्ट लॅम्प जास्त भरवशाचा वाटतो. गंजून एका धाग्यावर आलेल्या वायरवरही मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळपास काहीच वीज घेत नाही. लॅम्प जवळजवळ दोन ॲम्पिअर ओढतो, त्यामुळे वायर कमजोर असेल तर तो लगेच मंद जळून सांगतो. एक काळजी घ्या: लॅम्पची दोन्ही टोकं होल्डरच्याच पिनांना लावा, एक टोक बॉडीला नको. बऱ्याच गाड्यांत होल्डरला प्लस थेट येतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे बॉडीला टोक लावून फसायला होतं. डिपर चालू ठेवून दोन-दोन पिनांच्या जोड्या तपासा, एका जोडीवर लॅम्प पूर्ण तेजाने पेटायला हवा. हा लॅम्प हेडलाइटच्या होल्डरपुरताच वापरा. एअरबॅगच्या पिवळ्या वायरी किंवा इंजिनच्या कॉम्प्युटरच्या वायरी यांना तो लावायचा नाही.

रिले, स्विच आणि बॅटरी

रिले म्हणजे फ्यूजच्या डब्यातली काड्यापेटीपेक्षा लहान चौकोनी डबी. स्विच चालू करताना तिच्यावर बोट ठेवा, टिक असा धक्का जाणवायला हवा. त्याच डब्यात हॉर्नचा रिले बहुधा तसाच असतो. वरचा नंबर आणि पिना हुबेहूब जुळत असतील तर दोघांची अदलाबदल करा. दिवा लागला आणि हॉर्न बंद झाला, तर रिले बदला.

बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटला रिलेच नसतो, सगळी वीज स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या आतून जाते. तिथले संपर्क जळतात. दांडी मधोमध धरली की दिवा लागतो आणि सोडली की जातो, किंवा दांडीच्या बुडाशी गरम लागतं, ही त्याची लक्षणं. हा स्विच काढताना बऱ्याचदा स्टिअरिंग उतरवावं लागतं आणि तिथे एअरबॅग असू शकते, म्हणून घरी हात घालू नका. नवा स्विच टाकताना इलेक्ट्रिशियनला रिले किटही बसवायला सांगा. मग दांडीतून अगदी थोडी वीज जाते आणि नवा स्विच टिकतो.

बॅटरीसाठी मल्टीमीटर पुरे. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४. चालू असतानाही साडेबाराच्या वर जात नसेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) किंवा त्याचा पट्टा बघायला हवा. पंधराच्या वर जात असेल तर बल्ब पुन्हापुन्हा का जातात याचं उत्तर मिळालं.

उंदीर आणि पाणी

सोसायटीत चार-पाच दिवस उभी राहिलेली गाडी आणि अचानक एका बाजूचा दिवा बंद, असं असेल तर बॉनेटखाली लेंड्या, कुरतडलेला फोम, कातरल्यासारखी वायर शोधा. कचऱ्याच्या डब्याशेजारचं पार्किंग शक्यतो टाळा.

गाडी पाण्यातून गेली असेल, मग ते वंदना सिनेमाजवळचं असो की सबवेमधलं, तर दिव्याच्या काचेत बघा. पहाटेचं पातळ धुकं जमून दिवा लावल्यावर विरत असेल तर चिंता नको. तळाशी पाणी साचलेलं असेल तर दिवा लावू नका, तापलेल्या काचेवर थेंब पडला की बल्ब फुटतो. बहुतेक वेळा मागची रबरी टोपी नीट बसलेली नसते. तिची बाण किंवा खूण असलेली बाजू वर ठेवून, कडेने बोट फिरवत बसवा.

कंपनीतूनच एलईडी किंवा झेनॉन दिवे आलेली गाडी असेल तर वरचं बरंचसं लागू नाही. फ्यूज बघा आणि सर्व्हिस सेंटरला जा. झेनॉन पेटताना वीस हजारांहून जास्त व्होल्ट तयार होतात, त्याच्या मागच्या डबीला हात लावायचा नाही.

इलेक्ट्रिशियनकडे गेलात तर

वागळे इस्टेट असो की तुर्भे, नेहमीच्या गॅरेजपेक्षा ज्याचं कामच गाडीचं वायरिंग आहे अशा ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, आणि "लाइट लागत नाही" एवढंच सांगू नका. "दादा, दोन्ही डिपर बंद आहेत, अप्पर चालू आहेत, दांडी ओढली की फ्लॅश होते. फ्यूज बघितले, बल्बच्या तारा बघितल्या, शाबूत आहेत." एवढं सांगितलंत की तो सरळ स्विचपाशी जातो आणि शोधाशोधीचे पैसे वाचतात. बदललेला भाग परत मागून घ्या आणि कुठे जळलाय ते दाखवायला सांगा. चांगला कारागीर ते आनंदाने दाखवतो.

काम झालं की झोत तपासल्याशिवाय निघू नका. गाडी सपाट जागेवर, टायरमध्ये हवा बरोबर, भिंतीपासून दहा मीटरवर. डिपरच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली पडायला हवी आणि डाव्या बाजूला थोडी वर चढलेली. एक बाजू उंच दिसली तर आधी बल्ब खाचेत बसलाय का ते बघायला सांगा, मगच दिव्यामागचा स्क्रू फिरवू द्या.